व्हर्गाडेन, टायमोरा की वॉकीन: तुमच्या क्लेरिकने कुणाला भजावं?

ठाण्यातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्र बनून खेळायचा गोष्टीचा खेळ खेळायला नवा भिडू आला आणि त्याने क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जादू करणारा पुजारी घेतला, की हमखास विचारतो, पैशाचा आणि नशिबाचा देव कोणता? फर्गॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक दुनियेत तीन नावं पुढे येतात. व्हर्गाडेन हा ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या, दणकट लोकांचा नशीब आणि संपत्तीचा देव, टायमोरा सुदैवाची देवी, वॉकीन व्यापाराची.

नियमांचं आधी उरकून घेऊ. २०१४ च्या नियमांत तिघांनाही ट्रिकरी (फसवाफसवीचं) डोमेन, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या शक्तींचा गट, आहे. म्हणजे वेषांतराचा ‘डिसगाइज सेल्फ’ आणि पुढे फसव्या प्रतिमांचा ‘मिरर इमेज’ हे मंत्र कुणालाही भजलं तरी मिळणार, आणि दुसऱ्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीची पायरी) स्वतःची मायावी प्रतिकृतीही उभी करता येणार. वॉकीनला नॉलेज (ज्ञानाचं) डोमेनही चालतं. दोन जादा भाषा आणि अभ्यासाची दोन कौशल्यं पक्की हवी असतील तर तिच्याकडे जा. बाकी निवड करायची ती भक्ताने कसं वागायचं, यावरून.

टायमोराचा भक्त धाडसी. धाडस करणाऱ्याच्याच पाठीशी नशीब उभं राहतं, ही तिची शिकवण. दार उघडावं की नाही यावर सगळे अडून बसलेले असताना हा उठतो आणि उघडतो. टायमोरा आणि दुर्दैवाची देवी बेशबा या मुळात टायके नावाच्या एकाच देवीचे दोन भाग, त्यामुळे फासा वाईट पडला तरी गोष्टीला खाद्य मिळतं. पैशाशी मात्र हिचं फारसं देणंघेणं नाही.

वॉकीन पैसा फिरता ठेवायला सांगते. माल नासवू नका, व्यापारावर बंधनं घालू नका, भिकाऱ्याला आणि धंदेवाल्याला सढळ हाताने द्या. मोहीम शहरात असेल तर उत्तम. भुयारात तिचा भक्त बिचारा बसून राहतो.

माझं मत व्हर्गाडेनला. कष्ट, हुशारी, घासाघीस आणि थोडं नशीब यांतून संपत्ती मिळवावी, समोरच्याचा मान राखून सौद्यात त्याच्यावर मात करावी, असा हा देव. दुष्ट नसलेल्या चोरांनाही तो आपला वाटतो. ड्वार्फाचा चेहरा असलेलं सोन्याचं नाणं हे त्याचं चिन्ह. वाशीच्या फळबाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरताना ज्याने पाहिलाय, दोघांच्याही चेहऱ्यावरची रेषा न हलता, त्याला हा भक्त कसा खेळायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे एका हिल ड्वार्फ (ड्वार्फांची एक उपजात) क्लेरिकने पुलावर ५० नाणी मागणाऱ्या गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसांना बोलून बोलून १२ वर आणलं. वर पुढच्या वाटेवरचे सापळे कुठे आहेत तेही काढून घेतलं. निघताना दोन नाणी जास्तीची ठेवली, कारण परतीची वाट तीच होती. तलवार उपसलीच नाही, आणि टेबलावरचं प्रत्येक जण त्या सौद्यात बोलत होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. २०१४ च्या नियमांत हिल ड्वार्फला विज्डममध्ये (क्लेरिकच्या जादूला लागणारं शहाणपण) १ आणि दर लेव्हलला एक जादा हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) मिळतो, तेही क्लेरिकच्या पथ्यावर पडतं.

एक धोका आहे. हाव हा ॲबाथोर या ड्वार्फांच्याच लोभाच्या देवाचा मार्ग; व्हर्गाडेनला हाव, कंजुषी आणि आपल्याच ड्वार्फांच्या घरात चोरी वर्ज्य आहे. सोबत्यांपासून लुटीतली रत्नं लपवायला लागलात, तर देव बदलला असं समजा. हा मोह आवरणार नाही असं वाटत असेल, तर टायमोराच घ्या.

ड्वार्फ खेळायचाच नसेल, तर टायमोरा किंवा वॉकीन निवडणं सोपं जाईल. व्हर्गाडेनचे भक्त बहुतांशी ड्वार्फच. तरी ठरत नसेल, तर पात्र लिहिण्याआधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एवढंच विचारा: या मोहिमेत दुकानं, टोलनाके आणि सावकार किती भेटणार? भरपूर म्हणाला, तर व्हर्गाडेन किंवा वॉकीन. नुसती भुयारं आणि राक्षस म्हणाला, तर टायमोरा.