सिम्स ४ साठी केस बनवायचेत? सिम्स ४ स्टुडिओ घ्याच

सिम्स ४ या गेममध्ये पात्रांना स्वतःच्या मनासारखे केस हवे असतील तर सिम्स ४ स्टुडिओ हे गेमसाठी नव्या वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर डोळे झाकून घ्या, फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे. गेममधलीच एखादी हेअरस्टाइल क्लोन करायची (म्हणजे तिची प्रत काढायची), मेश म्हणजे केसांचा थ्रीडी सांगाडा एक्स्पोर्ट केला की थेट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची फाइल मिळते, मग बटा ओढा, लांबी वाढवा, अंबाडा घाला, काय हवं ते.

खरी मेहनत वेट्सची, म्हणजे केसांचा कुठला भाग सिमच्या (गेममधल्या पात्राच्या) कुठल्या हाडाबरोबर किती हलेल ते ठरवण्याची. लांब वेणी फक्त डोक्याच्या हाडाला बांधलेली असेल तर सिमने मान वळवली की ती अख्खी काठीसारखी फिरते आणि खांद्यातून आरपार जाते, म्हणून मूळ मेशवरून ब्लेंडरच्या डेटा ट्रान्स्फरने वेट्स घ्या आणि टोकाकडे पाठीच्या हाडांचं वेट हाताने रंगवत बसा, जमतं हळूहळू. दुसरा यूव्ही मॅपही (मेशच्या पृष्ठभागाचा सपाट नकाशा) तिथूनच घ्या हां.

एलओडी, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंतरानुसार वापरायच्या कमी-जास्त बारकाव्याच्या मेश, ० ते ३ चारही स्वतः भरावे लागतात, कंटाळवाणं आहे पण टाळू नका, नाहीतर कॅमेरा लांब नेला की जुनेच केस दिसतात. ब्लेंडरच्या डेसिमेटने पॉलिगॉन (मेशचे छोटे तुकडे) कमी केले की भागतं. मग स्टुडिओत तयार झालेली पॅकेज फाइल गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये टाका आणि गेम अपडेट झाला की सेटिंगमध्ये कस्टम कंटेंट (असं बाहेरून घातलेलं सामान) परत चालू करा.