फळ्यावरची वेळ: हाय-इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंगचे माझे नऊ महिने

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. वय 43, हिशेबाची नोकरी, दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. मुक्काम नाशिक. व्यायामाची पूर्वपीठिका म्हणजे जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणीशी गप्पा मारत चालणं आणि दर जानेवारीत सुरू होऊन होळीच्या आत बंद पडणारी जिम. मागच्या जूनच्या शेवटी या प्रकाराला सुरुवात केली, आता मार्च संपत आलाय. मधले तीन आठवडे सोडले तर आठवड्यातून चार दिवस गेले आहे. ते तीन आठवडे का सुटले ते पुढे येईलच.

जिमचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि माणसं वाईट नाहीत. दारावर 'क्रॉसफिट' ही अक्षरं कुठे नाहीत. ते नाव लावायचं तर मूळ अमेरिकन कंपनीला दरवर्षी पैसे मोजावे लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी 'फंक्शनल फिटनेस' अशी पाटी असते आणि आत साधारण तेच चालतं. ती कंपनी ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी 2000 साली कॅलिफोर्नियात काढली. सूत्र असं: सतत बदलता व्यायाम, उचलणं-ढकलणं-बसून उठणं अशा रोजच्या कामातल्या हालचाली, आणि हे सगळं दमछाक होईल इतक्या जोरात. आमच्याकडे आरसे नाहीत, एसी नाही, टीव्ही नाही. रबरी जमीन, बार, प्लेटा, केटलबेल, लाकडी खोके, रोइंग मशिन, पंख्याची सायकल, भिंतीवर पांढरा फळा आणि त्याच्या वर लाल आकड्यांचं घड्याळ. या शेवटच्या दोन वस्तूंबद्दलच मला खरं तर लिहायचं आहे.

पहिल्या दिवशी चाचणी झाली. 500 मीटर रोइंग, 40 बैठका, 30 सिट-अप, 20 पुश-अप, 10 पुल-अप. पुल-अप मला अर्धाही येत नव्हता, त्याऐवजी लटकत्या रिंग धरून तिरकं ओढायचं. पुश-अप खोक्यावर हात टेकून. 11 मिनिटं 40 सेकंद. कोचने ते फळ्यावर माझ्या नावापुढे लिहिलं. शाळा सुटल्यापासून फळ्यावर माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि शाळेत ते वर्गात बोलणाऱ्यांच्या यादीत असायचं. घरी येऊन जिन्यावर बसले, चावी काढायलाही हात वर होईना, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. चालण्याने किंवा ट्रेडमिलने मला असं कधी परत ओढून नेलं नव्हतं.

तासाचं गणित असं: पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं एखादा वजनाचा प्रकार शिकणं, मग दहा ते पंधरा मिनिटं खरा धडाका, उरलेल्या वेळात ताणायचं आणि जमिनीवर पडून छताकडे बघायचं. म्हणजे चार दिवस धरले तरी खऱ्या अर्थाने जोराचा व्यायाम आठवड्याला जेमतेम तासभर. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला 75 ते 150 मिनिटं जोराचा किंवा 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, अशी आहे. त्यामुळे 'एवढा जीव काढतेस, आता चालायची गरज नाही' हे खरं नाही. मी अजून चालते.

फायद्यांत सगळ्यात वर ताकद. डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा बार कमरेपर्यंत उचलण्याची, सुरुवात मी नुसत्या 15 किलोच्या बारने केली, आज 70 किलो उचलते. माझं वजन 64. आकडा सोडा, सिलिंडरचं सांगते. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस आणि तेवढंच लोखंड, म्हणजे साधारण तीस किलोचा ऐवज. पूर्वी मी तो तिरका करून फिरवत न्यायचे आणि नंतर दोन दिवस कंबर धरायचे. आता कमरेतून मागे जाते, पाठ सरळ ठेवते, उचलते, ठेवते. 'फंक्शनल' हा शब्द जाहिरातीत ऐकून कान किटले होते, त्याचा अर्थ मला स्वयंपाकघरात कळला. तसंच कळसूबाईचं. 1646 मीटर, लोखंडी शिड्या. चार वर्षांपूर्वी बारी गावातून चढताना दर वळणावर बसले होते आणि उतरताना गुडघ्यांनी रडवलं होतं. या जानेवारीत उतरताना गुडघे आहेत हे लक्षातसुद्धा आलं नाही.

वजन मात्र सव्वादोन किलोच कमी झालं. ज्यांना काट्यावरचा आकडा हवाय त्यांनी ही अपेक्षा आधीच खाली आणावी. भूक भयंकर वाढते. कंबर दोन इंच उतरली आणि ब्लाउज दंडात घट्ट झाले, शिंपी वैतागलाय. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 5.9 होतं, डिसेंबरमध्ये 5.6 आलं, त्यात रात्रीचा भात कमी केल्याचाही वाटा असणार. त्याच तपासणीत एक गंमत झाली. एसजीओटी हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम वाढलेलं आलं आणि मी इंटरनेटवर बसून यकृताचे सगळे आजार स्वतःला लावून घेतले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आदल्या दिवशी जड व्यायाम केला होता का?" केला होता. हे एन्झाइम स्नायूंतही असतं आणि दणकून व्यायाम केला की रक्तात वाढतं. आठवडाभर थांबून परत तपासलं, ठीक आलं. रक्त द्यायच्या आधी दोन-चार दिवस धडाका बंद ठेवा, लॅबवाले हे सांगत नाहीत.

आता घड्याळ.

माझे सासरे तरुणपणी तालमीत जायचे. त्यांना मी बर्पी करून दाखवली: खाली बसून पाय मागे फेकायचे, परत उठून उडी. ते म्हणाले, "हा तर सपाट्याचा चुलतभाऊ." मग वर्कआउट समजावला: बारा मिनिटांत जितक्या फेऱ्या होतील तितक्या. ते गप्प झाले, मग म्हणाले, "घड्याळ लावून जोर कोण मारतं गं? आम्ही मोजायचो. जोर बिघडला की वस्ताद तो मोजायचाच नाही." तेव्हा मी हसले होते. नोव्हेंबरमध्ये हसू गेलं.

त्या दिवशी फळ्यावर 12 डेडलिफ्ट, 9 बर्पी, 200 मीटर धावणं, पंधरा मिनिटं जमतील तितक्या फेऱ्या, असं लिहिलेलं. बारवर 45 किलो, माझ्यासाठी तेव्हा अजिबात जड नाही. पण जड नसणं आणि चौथ्या फेरीत, श्वास नाकातोंडात मावत नसताना, शेजारची बाई एका फेरीने पुढे असताना जड नसणं यांत फरक आहे. पाठ गोल झाली ते मला कळलंही नाही. बॅचमध्ये त्या दिवशी अठरा माणसं आणि कोच एक. तो दुसऱ्या टोकाला कुणाला तरी दोरी शिकवत होता. कमरेत काहीतरी चरचरलं, आणि तरी मी उरलेल्या तीन उचलून ती फेरी पूर्ण केली, कारण घड्याळात दोन मिनिटं बाकी होती. हा मूर्खपणा माझा. पण अठरांमागे एक कोच हा हिशेब माझा नव्हता.

स्नायू ताणला होता, मणक्याला काही नव्हतं. तीन आठवडे बंद, फिजिओथेरपी, रिकाम्या बारपासून पुन्हा सुरुवात. फिजिओने सांगितलं की या प्रकारातून तिच्याकडे येतात ते मुख्यतः खांदे आणि कंबर घेऊन. अभ्यासांतही तेच दोन अवयव पुढे दिसतात, आणि दुखापतीचं प्रमाण वेटलिफ्टिंग किंवा जिम्नॅस्टिकच्या आसपास निघतं, रग्बीसारख्या अंगावर येणाऱ्या खेळांपेक्षा कमी. म्हणजे 'हाडं मोडणारा व्यायाम' अशी जी ओरड होते ती जास्तच आहे. माझी तक्रार बारकी आणि नेमकी आहे: अवघड, जड हालचाल आणि शर्यत एकाच पंगतीत वाढू नका. रोइंग, सायकल, धावणं, हलका वॉल बॉल (भिंतीवर चेंडू फेकणं) घड्याळ लावून करा की. फार तर धाप लागेल. डेडलिफ्ट आणि स्नॅच (जमिनीवरून एका झटक्यात बार डोक्यावर) मात्र मोजून, थांबून. आमच्याकडे स्नॅचसुद्धा मिनिटाला अमुक असा येतो. ऑलिंपिकमधला लिफ्टर एकेका प्रयत्नाआधी श्वास जमवतो आणि आम्ही हिशेबनीस बायका तिसाव्या स्नॅचला धापा टाकत असतो.

बर्पीचीच गोष्ट घ्या. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात ती माणूस किती तंदुरुस्त आहे हे तपासायला बसवली: चार वेळा करायची आणि नाडी मोजायची. चार! आमच्याकडे सदस्याच्या वाढदिवसाला वयाइतक्या घालतात. मी 43 घातल्या, केक नंतर मिळाला. 'टबाटा' नावाच्या चार मिनिटांच्या प्रकाराचंही तसंच. इझुमी तबाता यांच्या 1996 सालच्या प्रयोगात तरुण, खेळात मुरलेली मुलं सायकलवर 20 सेकंद जीव तोडून आणि 10 सेकंद विश्रांती असं सात-आठ वेळा, अक्षरशः पाय थांबेपर्यंत करत होती. आमच्याकडे त्याच 20-10च्या भोंग्यावर पोटाचे क्रंच चालतात. क्रंच वाईट नाहीत, पण 'चार मिनिटांत तासाभराचा फायदा' असा फलक लावू नका.

एक गंभीर मुद्दा. पावसाळ्यात आमच्या बॅचला एक कॉलेजचा मुलगा आला. पहिल्याच आठवड्यात मित्रांशी पैज लावून शंभरावर पुल-अप केले, उड्या मारून वर आणि हळूहळू खाली. दोन दिवसांनी हात कोपरात सरळ होईनात आणि लघवी कोकाकोलासारखी. रॅब्डोमायोलिसिस. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात जातं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. सलाइनवर चार दिवस काढून तो सुखरूप घरी गेला. हे क्वचित होतं, पण नव्या माणसाला किंवा मोठ्या सुट्टीनंतर परतलेल्याला हमखास जास्त धोका. क्रॉसफिटच्या सुरुवातीच्या काळात तिथे 'अंकल रॅब्डो' नावाचं विदूषकाचं व्यंगचित्र चालायचं, म्हणजे मंडळींना ठाऊक होतं आणि मिरवतही होती. आमच्या कोचने मात्र त्यानंतर नव्यांसाठी पहिला महिना अर्ध्या फेऱ्यांचा नियम केला. हे त्याला मानलं.

आता बायकांसाठी, कारण हे कुणी लिहीत नाही. दोरीउड्यांमध्ये मला लघवीचे थेंब सुटायचे. विशेषतः एका उडीत दोरी दोनदा फिरवायची असते तेव्हा. मी काळी लेगिंग घालायला लागले, तासाआधी दोनदा जाऊन यायला लागले, आणि बॅचमधल्या मुलं झालेल्या निम्म्या बायका हेच करतात हे मला चौथ्या महिन्यात चहा पिताना कळलं. कोच 26 वर्षांचा मुलगा, त्याला काय सांगणार? शेवटी त्याच फिजिओला विचारलं. 'वयानुसार होतंच' असं ती म्हणाली नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले, वजन उचलताना श्वास कोंडून खाली जोर द्यायची सवय मोडली, उड्यांऐवजी तीन महिने सायकल. आता ऐंशी टक्के फरक आहे. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांना उड्या मारायला लावण्याआधी हा प्रश्न प्रवेशाच्या फॉर्मवरच असायला हवा. मधुमेह आणि रक्तदाबाचे रकाने आहेत, हा नाही.

बारीकसारीक: मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा, खांद्यावर बार घेतला की साखळी गळ्यात रुततेच. तळहाताला घट्टे पडतात आणि एखादा सोलला की दोन दिवस तिखट कालवता येत नाही. सुरुवातीला संध्याकाळी आठची बॅच घेतली होती, रात्री एकपर्यंत डोळा लागेना. सकाळी सहाला बदलली. डिसेंबरात इथला बार हातात धरवत नाही इतका गार, तरी झोप परत आली. मनगटावरच्या घड्याळाच्या नाडीला फार भिऊ नका. 220 वजा वय या सूत्राने माझी कमाल 177 येते, एकदा 181 दिसली आणि मी धडधाकट पायऱ्या उतरून घरी आले. सूत्र सरासरीचं आहे. छातीत दुखलं, गरगरलं तर मात्र सूत्र-बित्र बाजूला ठेवून थांबायचं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, मी दाखवलं होतं.

पैसे: तिमाही 10,500. जवळच्या साध्या जिमच्या दुपटीहून जास्त. शिकवणारा माणूस मिळतो त्याचे हे पैसे, म्हणून बॅचमध्ये किती जण ते आधी विचारा. दहा-बाराच्या वर गेले की तुम्ही महागड्या घड्याळाचे पैसे भरताय. चौकशीला जाल तेव्हा फुकटच्या तासात घाम किती निघाला ते बघू नका. कोच कुणाला बारवरचं वजन कमी करायला लावतो का, एवढंच बघा.

आणि हो, मी पुढच्या तिमाहीचे पैसे भरले, सकाळी सहाच्या बॅचला आता बारा जणांची मर्यादा आहे म्हणून. चारऐवजी तीन दिवस. भरताना एक अट घातली. कोच आधी हसला, मग "ठीक आहे ताई" म्हणाला. परवापासून फळ्यावर माझ्या नावापुढे वेळ नसते, त्या दिवशी नीट उचललेलं वजन असतं. काल शेजारच्या बाईनेही तसंच लिहायला सांगितलं.