मेमटेस्ट८६ प्लस आणि क्रिस्टलडिस्कइन्फो : घरी जुळवलेल्या संगणकाचे दुखणे शोधणारी दोन मोफत साधने

सुटे भाग आणून घरीच जुळवलेला माझा संगणक दीड वर्ष विनातक्रार चालला आणि गेल्या पावसाळ्यात दोन प्रकारे त्रास देऊ लागला. कधी काम चालू असताना निळा पडदा येऊन तो बंद पडे, तर कधी चालू केल्यावर घरातली सगळी छायाचित्रे असलेली चार टीबीची हार्ड डिस्क दिसतच नसे आणि एक-दोनदा रीस्टार्ट केल्यावर आपसूक परत येई. पुण्यातल्या ज्या दुकानात मी तो नेला, तिथे कॅबिनेट न उघडताच विंडोज नव्याने टाकण्याचा आणि तेवढ्याने भागले नाही तर डिस्क व मदरबोर्ड दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. मी संगणक घरी परत आणला आणि दोन मोफत प्रोग्रॅमच्या आधारे स्वतः शोध घेतला. कोणताही भाग बदलण्यासाठी खिशात हात घालण्यापूर्वी हे दोन्ही वापरून पाहिलेच पाहिजेत, असे माझे आता ठाम मत आहे.

संगणक बंद पडल्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते आणि पुष्कळ जण तिच्यावरून थेट पॉवर सप्लायला दोषी ठरवतात. वास्तविक संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते. मला अधिक बोलकी वाटली ती निळ्या पडद्यावरची कारणे, कारण ती दर वेळी निराळी होती. एकाच ड्रायव्हरचा (एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमचा) बिघाड असेल तर बहुधा तेच ते कारण पुन्हा येते; एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे ते बदलत राहिले, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीवर, घ्यावा.

इथे रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस कामाला येतो. तो पेन ड्राइव्हवर चढवून संगणक त्यावरूनच सुरू करायचा असतो, म्हणजे विंडोज मुळात सुरूच होत नाही आणि ड्रायव्हर, व्हायरस, अर्धवट राहिलेले अपडेट हे सगळे संशयित एकदम बाजूला होतात. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली लिहिला; तो आता पासमार्क कंपनीकडे आहे आणि त्याच्या मोफत आवृत्तीत एका वेळी तपासणीच्या चारच फेऱ्या होतात. ‘प्लस’ ही त्यातूनच २००४ साली निघालेली मुक्त स्रोत शाखा असून तिला अशी मर्यादा नाही. २०२२ साली आलेल्या ६.०० पासून ती यूईएफआयवरही (बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीवरही) चालते, तेव्हा जुनी ५.०१ कुठे साठवलेली असेल तर ती बाजूला ठेवून नवी आवृत्तीच उतरवून घ्यावी.

माझ्या १६ जीबी रॅमला एका फेरीस तासाभराहून अधिक वेळ लागला. पहिली फेरी निर्दोष गेली आणि मी थांबणारच होतो, पण रात्रभर चालू ठेवल्यावर सकाळी पडद्यावर लाल ओळी उमटलेल्या होत्या. प्रत्येक ओळीत चुकलेल्या जागेचा पत्ता, तिथे अपेक्षित असलेली संख्या आणि प्रत्यक्षात सापडलेली संख्या शेजारी शेजारी दिलेली असते. त्या दोन संख्या मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्हींत एकाच अंकाचा फरक होता. एवढ्याशा फरकाने कधी चित्रफीत निर्यात होताना तर कधी नुसता ब्राउझर उघडा असताना संगणक कोसळत होता, हे त्या ओळींसमोर बसून मला पहिल्यांदा कळले.

त्यानंतर मी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या स्टिकवर कंपनीने भरून ठेवलेली जलद गतीची सेटिंग, बंद करून पाहिली. गती ३६०० वरून २६६६ वर आली आणि चुका थांबल्या. मग एक्सएमपी पुन्हा चालू करून एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये वेगवेगळी तपासली, तर एक स्वच्छ निघाली आणि दुसरीवर चुका आल्या. स्टिक एकाच स्लॉटमध्ये तपासण्याची ही पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नये, कारण दोष स्टिकचा की स्लॉटचा हे त्याशिवाय ठरत नाही. या प्रोग्रॅमची मर्यादाही लक्षात ठेवावी : तो ग्राफिक्स कार्डाविषयी किंवा भार पडल्यावर डगमगणाऱ्या पॉवर सप्लायविषयी काहीच सांगत नाही.

दिसेनाशा होणाऱ्या डिस्कचे कारणही रॅमच असेल असे मी धरून चाललो होतो, आणि ते चुकीचे ठरले. क्रिस्टलडिस्कइन्फो हा विंडोजवरचा छोटा प्रोग्रॅम डिस्क स्वतःच्या तब्येतीविषयी ‘स्मार्ट’ नावाची जी माहिती नोंदवून ठेवते ती वाचून दाखवतो. त्याने माझ्या डिस्कला निळ्या रंगात ‘गुड’ असा शेरा दिला होता, आणि माझी खरी तक्रार याच शेऱ्याविषयी आहे. तो प्रामुख्याने ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांशी (डिस्कवर माहिती साठवण्याच्या छोट्या कप्प्यांशी) संबंधित ओळींवरून ठरतो. खाली सी७ ही ‘अल्ट्राडीएमए सीआरसी एरर’ची ओळ कितीही वाढली तरी तो बदलत नाही. शिवाय आकडे सोळाच्या पायात दिसतात, त्यामुळे मेनूतून ते दशमान करून घेईपर्यंत त्यांचा अर्थ लागत नाही.

दशमान केल्यावर सी७ समोर ३१२ दिसले आणि दोन दिवसांत ते ३४० झाले. या ओळीतला आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर माहिती बिघडल्याचा असतो. ०५ आणि सी५ शून्य असताना एकटा सी७ वाढत असेल तर डिस्कच्या तबकड्यांवर संशय घेण्याआधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल, पाहावी. मी कॅबिनेटची मागची बाजू उघडली, तर ती केबल पॅनेलखाली काटकोनात दुमडून दाबली गेली होती आणि तिचे टोक डिस्कवर किंचित तिरपे बसले होते. जुळवताना सुबक दिसावी म्हणून मीच ती तशी बसवली होती. आधी छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन मग दीडेकशे रुपयांची, क्लिप असलेली नवी केबल सैल वळण देऊन जोडली.

डिस्क अधूनमधून नव्हे तर कधीच दिसत नसेल, तर मात्र हा प्रोग्रॅम निरुपयोगी आहे, कारण जे बायोसलाच दिसत नाही ते तो वाचू शकत नाही. अशा वेळी मदरबोर्डचे मॅन्युअल उघडावे; अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (केबलशिवाय थेट बोर्डवर बसणाऱ्या डिस्कच्या खाचेत) एसएसडी बसवली की दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, आणि ही गोष्ट मॅन्युअलमध्ये एखाद्या तळटीपेत लिहिलेली असते.

रॅमच्या सर्व्हिस सेंटरवर मी लाल ओळींचा फोटो आणि प्रत्येक स्टिकचा वेगळा निकाल दाखवला. वॉरंटीत दोन्ही स्टिक बदलून मिळाल्या. नव्या जोडीवर ३६०० च्या गतीने सहा फेऱ्या चुकीशिवाय झाल्या आहेत. सी७ चा आकडा मागे कधीच येत नसल्यामुळे तो ३४० वरच आहे, पण गेल्या चार महिन्यांत तिथून पुढेही सरकलेला नाही.