ला होया शोअर्सवरचा कयाक क्लास, पैसे वसूल

सॅन दिएगोला ला होया शोअर्स बीचवर फिशिंग कयाक (मासेमारीची अरुंद, वल्ह्याची होडी) लाटांतून कशी काढायची याचा अर्ध्या दिवसाचा क्लास केला, मस्तच. आधी वीस मिनिटं वाळूवर उभं करून नुसत्या लाटा बघायला लावल्या, मोठ्या लाटा गटाने येतात, मधे जरा शांत झालं की निघायचं, कयाकचं नाक सरळ लाटेकडे आणि वल्हं थांबवायचं नाही. मासेमारीचा रॉड आधीच हॅचमधे (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात) बंद.

परत येणं खरं अवघड! लाट मागून कयाक आडवी करते, म्हणून लाटेच्या पाठीमागे राहून यायचं, उतरायचं समुद्राच्या बाजूला, कयाक आणि किनाऱ्याच्या मधे कधीच नाही, पाय मोडेल. मी दोनदा उलटलो, सरांनी दोन्ही वेळा शांतपणे चूक दाखवली. लाइफ जॅकेट मात्र ढगळ मिळालं, आपलं न्या.