स्ट्रॅटोलॉगर सीएफ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चार इंची हौशी रॉकेटमध्ये दोन टप्प्यांत पॅराशूट उघडायला हा अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारा छोटा बोर्ड, घेतला. शिखरावर छोटं, ७०० फुटांवर (साधारण २१३ मीटर) मोठं. काम चोख करतो. पण त्याला कळतो तो फक्त हवेचा दाब, तोही स्वतःच्या कप्प्यातला. त्यामुळे बसवण्यात हयगय केलीत तर बोर्ड कितीही चांगला असो, उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाची बाहेरचा दाब कप्प्यात पोहोचवणारी छिद्रं. कप्पा आतून ९८ मिमी रुंद आणि २०० मिमी लांब असेल तर त्यात दीड लिटर हवा मावते. तिला ६ मिमीचं एक छिद्र पुरतं, पण वारा नेमका त्याच बाजूने आला की आकडे डळमळतात. म्हणून तेवढंच क्षेत्रफळ तिघांत वाटा: १२० अंशांवर ३.५ मिमीची तीन. नोज कोनच्या (रॉकेटच्या टोकदार शेंड्याच्या) सांध्याजवळ पाडू नका, तिथली हवा खवळलेली असते. कडा पॉलिश पेपरने घासा. पुठ्ठ्याचा एक तंतूही उभा राहू देऊ नका.

बॅटरी ९ व्होल्टची, नवी अल्कलाइन. तिची टोकं मोटरच्या बाजूला ठेवा, म्हणजे उड्डाणाच्या जोरात ती क्लिपवर आणखी घट्ट बसते. उलट बसवली तर तोच जोर तिला क्लिपमधून ओढतो. झिप टाय दोन्ही दिशांनी हवेच.

रॉकेट पॅडवर उभं केल्यावरच स्विच चालू करा आणि बीप शेवटपर्यंत ऐका. शेवटी दर वेळी तीन बीप आले म्हणजे दोन्ही ई-मॅच (पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटवणाऱ्या विजेच्या काड्या) जोडलेत. एक किंवा दोनच आले तर एक बाजू तुटली आहे; मोटरमध्ये इग्नायटर (मोटर पेटवणारी वात) घालूच नका.

सेकंदाला २० नोंदींचा उंचीचा आलेख फार मोलाचा. शिखरापाशी रेघ क्षणभर खाली सुईसारखी टोचलेली दिसली, तर पॅराशूट फेकणाऱ्या दारूच्या स्फोटाचा वायू कप्प्यात शिरतोय. वायर जिथून झाकणातून जाते ते भोक पुट्टीने बुजवा. नाहीतर वाढलेल्या दाबाला बोर्ड कमी उंची समजेल आणि मोठं पॅराशूटही वरच सुटू शकेल. रॉकेट मग वाऱ्याबरोबर मैलभर लांब. मात्र सेन्सरला दोष देण्याआधी सांध्यातले २-५६ मापाचे नायलॉन स्क्रू तपासा. ते नसले तर पहिल्या झटक्यालाच नोज कोन निसटतो आणि मोठं पॅराशूट वरच बाहेर पडतं.

आलेख संगणकावर घ्यायचं यूएसबी किट वेगळं विकत घ्यावं लागतं. बोर्डाबरोबरच मागवा.