उभ्याने चालवायची ई-स्कूटर पणजीत: दिवाळी ते चतुर्थी

दिवाळीत घेतलेली स्कूटर चतुर्थी जवळ आली तरी रोज रस्त्यावर आहे. बसायची नव्हे, पाटीवर उभं राहून चालवायची, घडी होणारी. २५० वॉटच्या आतली मोटर, दहा इंची हवेची चाकं, वजन चौदा किलोंच्या आसपास. घर सांतइनेजला, ऑफिस पाटोला. पणजीत दुचाकी लावायला जागा शोधण्यात जीव जायचा, तो त्रास पूर्ण संपला. घडी घालून टेबलाखाली ठेवतो.

यंत्राबद्दल आधी. दुकानात एका चार्जला तीस किलोमीटर सांगितले होते, हातात वीसच्या आत येतात. एका चार्जला साधारण पाव युनिट वीज लागते, बिलात फरक जाणवतही नाही. आल्तिनो टेकडीचा चढ मात्र हिच्या आवाक्याबाहेर आहे. माणूस आणि स्कूटर मिळून शंभर किलोंच्या घरात जातात, तेवढं ओझं चढावर ओढायला ही मोटर पुरत नाही. मी उतरून ढकलतो. मांडवीपलीकडे पर्वरीला जायचं तर नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मुळात बंदी. मी बेतीची फेरीबोट धरतो. घडी घातली की सामान म्हणून सोबत येते, हे सुख वेगळंच.

पावसात सांभाळून. जोराचा पाऊस असला की मी ती घरीच ठेवतो. ओल्या पेव्हरवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं, म्हणून मागचा आधी, हळू. खाऱ्या हवेने घडीच्या बिजागरीचे स्क्रू पहिल्या पावसातच गंजले. आता दर रविवारी ते पुसून तेल देतो आणि हँडलचा दांडा उभा धरणारी पकड तपासतो. ती सैल झाली तर दांडा धावता धावता मिटू शकतो.

आता नियमांकडे येतो, कारण लोक मला रस्त्यात थांबवून हेच विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांची व्याख्या आहे. मोटरची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेलं असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. मग लायसन, नंबरप्लेट, विमा काहीच लागत नाही. दुकानदार पहिल्या दोन अटी तोंडपाठ म्हणतात आणि तिसरी गाळतात. एका चौकात पोलिसाने थांबवून कागद मागितला, तेव्हा मी प्रमाणपत्राची प्रत दाखवली. "बरं, जा बाब, पण कडेने जा," एवढंच म्हणाले. प्रत नसती तर काय दाखवणार होतो?

ज्या दुकानातून घेतली, तिथेच "वेगाचं लॉक काढून देऊ का?" असं विचारलं होतं. कृपया काढू नका. लॉक निघालं की वेग २५ च्या वर जातो आणि ते नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन होतं. आणि लॉक असलं तरी बेफिकिरीला सूट नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये 'कोणतंही वाहन' म्हटलंय. बेदरकार चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्त्यात एखाद्या आजीला धडक बसली तर तिच्या दवाखान्याचा खर्च द्यायला विमा कंपनी नसते, हे मला सर्वांत जास्त टोचतं.

वयाचंही तसंच. या गाड्यांना लायसन नाही, त्यामुळे वयाची अटही नाही. संध्याकाळी मिरामारला सातवी-आठवीतली मुलं बसायच्या ई-स्कूटरवर डबलसीट दिसतात. पदपथावर स्केटबोर्डवाली मुलं, त्यांच्यामधून फिरायला आलेली म्हातारी माणसं. स्केटबोर्डला मोटरच नाही, तेव्हा मोटार वाहन कायद्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. जर्मनीने २०१९ मध्ये या उभ्या स्कूटरसाठी वेगळा नियम केला: वय किमान चौदा, वेग ताशी २० किलोमीटर, विम्याचं स्टिकर सक्तीचं, पदपथावर बंदी. पॅरिसमध्ये २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या स्कूटर बंदच झाल्या. आपल्याकडे गोव्यात दुचाकी भाड्याने द्यायचा धंदा मोठा आहे. भाड्याच्या उभ्या स्कूटरचा लोंढा यायच्या आधी महापालिकेने निदान पदपथ आणि पार्किंग यांबद्दल दोन ओळी लिहून फलक लावावेत असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः पदपथावर चढवत नाही आणि महामार्गावर नेत नाही. हेल्मेट कायद्याने लागत नसलं तरी घालतोच, कारण उभं असताना पडलो तर डोकं आपटू शकतं. वळताना हात दाखवायची सोय नाही; एक हात सुटला की छोटं चाक डगमगतं. म्हणून इंडिकेटर असलेलंच मॉडेल घ्या. आणि टायर हवेचेच घ्या. भरीव टायरला पंक्चर नाही खरं, पण मित्राची तसली स्कूटर पणजीच्या मळा भागातल्या गल्ल्यांत चालवली तेव्हा मनगटं दोन दिवस दुखत होती.