थॉर: ८३ की ३३७?
मार्व्हल कॉमिक्समधल्या थॉरचा, म्हणजे नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणातल्या गर्जनेच्या देवाचा, १९६२ चा ‘जर्नी इंटू मिस्टरी’ अंक ८३ घ्यावा की १९८३ चा ‘थॉर’ ३३७? पहिल्यात जॅक कर्बीची चित्रं दणकट, पण नॉर्स पुराण नावापुरतंच: नॉर्वेतली गुहा, काठीचा होणारा हातोडा, आणि शत्रू कोण, तर शनीवरून आलेले दगडी प्राणी! थॉरचा कपटी वैरी लोकी यायला अंक ८५ उजाडतो. ३३७ मध्ये लेखन आणि चित्रं दोन्ही वॉल्टर सायमनसनची. घोडतोंड्या परग्रहवासी बीटा रे बिल थॉरचा हातोडा चक्क उचलतो, आणि ‘लायक असेल त्यालाच तो उचलता येईल’ ही अट खुद्द देवराज ओडिनच्या मुलावर, थॉरवरच उलटते. मधेच दूरवर घणाचे घाव ऐकू येतात. तिथे घडत असते ती पुढे अग्निराक्षस सुर्तुरची तलवार निघते, म्हणजे थेट रॅग्नारॉकचीच, देवांच्या अंतिम युद्धाची तयारी. संग्रहाला ८३, तोही खिसा जड असेल तर. वाचायला मात्र ३३७च.